भाचा अर्धं बरोबर बोलला

पत्र असं आहे:

"मी डोंबिवलीला राहते, फोर्टमध्ये बँकेत नोकरी करते. वय ४६. दिवाळीच्या बोनसमधून एक साधा मिररलेस कॅमेरा घेतला आणि रविवार सकाळी मुंबई फिरायला लागले. वांद्र्याच्या चॅपल रोडवरची भित्तिचित्रं, चर्चगेटचे गांधीजी, काळा घोडा, असं बरंच काढलं. ग्रुपवर सगळे 'मस्त' म्हणतात. पण माझा भाचा आर्ट कॉलेजात आहे. त्याने सगळे फोटो शांतपणे पाहिले आणि म्हणाला, 'मावशी, हे दुसऱ्याच्या चित्रांचे झेरॉक्स आहेत.' तेव्हापासून कॅमेरा कपाटात आहे. शिवाय गेल्या वेळी एका इमारतीच्या वॉचमनने सगळ्यांसमोर हटकलं, त्याची लाज वाटते ती वेगळीच. आमच्या ओळखीचे एक दुकानदार मात्र गांधीजींचा फोटो कॅलेंडरवर छापायला मागताहेत, पैसेही देणार आहेत. देऊ का? आणि या बोनसला लांबचं जवळ आणणारी ७०-२०० लेन्स घ्यावी असं मनात आहे, त्याने काही फरक पडेल का? की हे सगळं सोडून द्यावं?
— हौशी, डोंबिवली"

हौशीताई,

सोडून कशाला द्यायचं? भाचा बोलला म्हणून? त्या वयात, त्यातही आर्ट कॉलेजच्या पहिल्या-दुसऱ्या वर्षात, पोरं घरातल्या गणपतीच्या आराशीवरही टीका लिहून देतात. पण तो जे म्हणाला त्यातलं अर्धं बरोबर आहे, आणि ते अर्धं तुमच्या कामाचं आहे, म्हणून ते आधी घेऊ.

चॅपल रोडवरचे तुमचे फोटो मी पाहिलेले नाहीत, पण कसे असतील याचा अंदाज आहे. भिंतीसमोर सरळ उभं राहायचं, चित्र कडेला कड लावून चौकटीत बसवायचं, मध्ये कोणी आलं तर ते जाईपर्यंत थांबायचं आणि मग बटण दाबायचं. सगळेच असं करतात. अशा फोटोत चेहरा कुठे बघतोय, रंग कोणता, काय ठेवलंय, काय गाळलंय, हे सगळं चित्रकाराने आधीच ठरवून टाकलेलं असतं. तुमच्या वाट्याला उरतं ते फक्त ऊन. भाचा झेरॉक्स म्हणाला ते याला.

तरी हे फोटो पुसू नका. मुंबईच्या हवेत भिंतीवरचं चित्र फार टिकत नाही. पाऊस, खारी हवा, नवा रंग, नाहीतर इमारतच पाडायला निघते. चित्रकार रणजित दहियांनी २०१२ साली बॉलिवूड आर्ट प्रोजेक्ट सुरू करून वांद्र्याच्या भिंतींवर सिनेमातली माणसं आणली. अशा भिंती पुढच्या वर्षी जशाच्या तशा असतील याची खात्री कोणी देत नाही. फोटोवर तारीख, गल्ली आणि सापडलं तर चित्रकाराचं नाव लिहून ठेवा. बहुतेक वेळा सही उजव्या खालच्या कोपऱ्यात असते, आणि तोच कोपरा लोक फोटोत कापतात.

झेरॉक्स थांबतो कुठे, तर चित्राचा रस्त्याशी संबंध येतो तिथे. वांद्रे रेक्लमेशनजवळ एमटीएनएलच्या इमारतीवर दादासाहेब फाळके आहेत, दहिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ साली काढलेले. फक्त फाळके चौकटीत भरलेत तर ते पोस्टकार्डाएवढे दिसतात, कारण चित्राचा आकार चित्रातून कळत नाही. तो कळतो खिडक्यांवरून, एसीच्या खोक्यांवरून, खालून जाणाऱ्या रिक्षावरून. मागे जा, रस्ता ओलांडा, चित्र चौकटीच्या एक तृतीयांश होईपर्यंत मागे जा, आणि उरलेल्या दोन तृतीयांशात काय घडतंय त्याची वाट बघा. जे लोक मधून जाईपर्यंत तुम्ही थांबत होता, त्यांच्यासाठीच आता थांबायचंय. (जाता जाता: फाळके सिनेमाच्या आधी गोध्र्याला फोटो स्टुडिओ चालवत. सुरुवात त्यांचीही कॅमेऱ्याच्या दुकानदारीतूनच झाली.)

आता माझा खरा सल्ला. काही महिने भिंती सोडा आणि पुतळ्यांकडे जा.

भित्तिचित्र सपाट असतं. ते कुठून बघायचं हे त्यानेच ठरवलेलं असतं, समोरून. पुतळ्याला समोर अशी एकच बाजू नसते. त्याच्याभोवती फिरावं लागतं. पाठ घ्यायची की बाजू, चौथऱ्यासकट घ्यायचं की फक्त हात, मागे आकाश ठेवायचं की उड्डाणपूल, हे ठरवायला तुमच्याशिवाय दुसरं कोणी नसतं. सकाळी एका गालावर ऊन असतं, संध्याकाळी दुसऱ्या. त्याच पुतळ्याचे दहा जणांनी काढलेले फोटो दहा निघतात. भिंतीचे तसे निघत नाहीत. भाच्याला जे म्हणायचं होतं आणि नीट म्हणता आलं नाही, ते बहुधा एवढंच.

आणि पुतळे शोधायला वांद्र्यापर्यंत लोकल बदलत जायची गरज नाही. तुमच्याच लाइनीवर भायखळा आहे, फास्ट गाडीही थांबते. तिथे उतरा. स्टेशनपासूनच सुरुवात करा. एकोणिसाव्या शतकातल्या या स्टेशनाचं जतन नीट झालं आणि २०२२ साली त्याला युनेस्कोचा आशिया-पॅसिफिक वारसा पुरस्कार मिळाला. तुम्ही रोज तिथून जाता आणि डब्याच्या दाराशी कोणाचा कोपर लागतोय याकडे लक्ष असल्यामुळे ते दिसत नाही. तुमचा दोष नाही, दाराशी कोपर असतातच.

मग खडा पारशी. नाव ऐकून माहीत असेल, नीट पाहिलाय का कधी? ओतीव लोखंडाच्या उंच नक्षीदार खांबावर कर्सेटजी माणेकजी उभे आहेत. मुलगा माणेकजी कर्सेटजी यांनी वडिलांसाठी हे स्मारक करवून घेतलं. मुलींच्या शाळेसाठी मुंबईत खटपट करणारे ते हेच. पुतळा जॉन बेल या इंग्रज शिल्पकाराचा. खाली चौथऱ्याशी जलदेवतांसारख्या आकृती आहेत. आणि आज हे सगळं भायखळ्याच्या उड्डाणपुलाच्या दोन फाट्यांच्या मध्ये अडकलंय. लोक याला दुर्दैव म्हणतात. शहराच्या दृष्टीने आहेही. फोटो काढणाऱ्याला मात्र याहून चांगली जागा मिळणं कठीण. खालून बघितलं तर पूल त्याच्या कमरेशी येतो. पुलावरून जाणाऱ्या बसच्या खिडकीतून बघितलं तर तो जवळजवळ तुमच्या बरोबरीला येतो. लांबून बघितलं तर गाड्यांच्या छपरांच्या वर एक पारशी गृहस्थ शांतपणे उभे. एवढ्या एका चौकात तुमचे महिन्याचे रविवार जातील.

इथे एक अडचण येईल, तिचा उपाय आत्ताच सांगते. गडद पुतळा आणि मागे मुंबईचं पांढरट आकाश असेल तर कॅमेरा आकाशाकडे बघून उजेड कमी करतो आणि पुतळा नुसती काळी सावली होऊन जातो. फोटो उजळ-गडद करायचं, एक्स्पोजर कॉम्पेन्सेशनचं, चाक असतं ना, ते अधिक एककडे फिरवा, गरज पडली तर दीडपर्यंत. किंवा दोन पावलं सरकून पुतळ्यामागे आकाशाऐवजी झाड किंवा इमारत येईल असं बघा. पांढऱ्या संगमरवरालाही अधिकच करावं लागतं, नाहीतर तो राखाडी येतो. काळ्या धातूने चौकट भरून टाकलीत तर उलट, वजा. कॅमेरा जे दिसेल ते मध्यम राखाडी समजतो, एवढं ध्यानात ठेवलंत तर बाकीचं आपोआप जमतं.

पांढऱ्या संगमरवराचं निघालंच आहे तर चालत राणीच्या बागेत जा. भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात स्वातंत्र्यानंतर रस्त्यांवरून हलवलेले ब्रिटिशकालीन पुतळे आणून ठेवले आहेत. त्यात व्हिक्टोरिया राणी आहे, मॅथ्यू नोबल या शिल्पकाराची. एके काळी ती फोर्टात होती, आणि १८९६ साली तिच्या तोंडाला रातोरात डांबर फासलं गेलं होतं. ते आपलं काम असल्याचं दामोदर चापेकरांनी नंतर सांगितलं. पुढच्याच वर्षी पुण्यात रँडचा वध झाला. हे माहीत असलं की त्या दगडी चेहऱ्याकडे तुम्ही वेगळ्या नजरेने बघता आणि फोटोही वेगळा येतो. मी तर चेहऱ्याच्या जवळ जाईन, अगदी जवळ. मुकुट-बिकुट गाळून टाकेन.

तिथेच घारापुरीचा दगडी हत्तीही आहे. पोर्तुगीजांनी ज्याच्यावरून बेटाचं नाव एलिफंटा ठेवलं तो हाच. इंग्लंडला न्यायच्या खटपटीत त्याचे तुकडे झाले आणि नंतर ते पुन्हा जोडले गेले. जोड दिसतात का ते बघा. ज्यांच्या नावाने संग्रहालय आहे त्या भाऊ दाजींचे भाऊ नारायण दाजी पेशाने डॉक्टर होते आणि १८५०च्या दशकात, मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी निघाली त्या काळात, कॅमेरा घेऊन फिरणाऱ्या पहिल्या भारतीयांपैकी एक. नोकरी-धंदा सांभाळून फोटो काढणाऱ्यांची परंपरा या शहरात जुनी आहे.

आणि याच बागेत मूळ काळा घोडा आहे. सातव्या एडवर्डचा, तो युवराज असतानाचा, घोड्यावर बसलेला पुतळा. जोसेफ एडगर बोम यांनी केला, अल्बर्ट ससून यांनी शहराला दिला. १९६५ साली तो फोर्टातल्या चौकातून हलवला. पुढे पन्नासहून अधिक वर्षं तिथे घोडा नव्हता, फक्त नाव होतं, आणि त्या नावावर १९९९पासून महोत्सवही भरायला लागला. २०१७ साली श्रीहरी भोसले यांनी केलेला नवा घोडा आला. त्याच्यावर स्वार नाही.

ताई, यात तुमचं काम तयार पडलंय. भायखळ्याला स्वारासकट घोडा, चौक गेलेला. फोर्टात चौक, घोडा नवा, स्वार गेलेला. दोन्ही तुमच्या रोजच्या वाटेवर. दोघांचे फोटो एकाच अंतरावरून, एकाच बाजूने, शक्यतो एकाच वेळच्या उन्हात काढा आणि शेजारी शेजारी लावा. मग दोघांच्या आसपासची माणसं बघा. बागेत लहान मुलं, डबा उघडून बसलेली कुटुंबं. फोर्टात वकील, विद्यार्थी, सेल्फी काढणारे. अशा चार जोड्या जमल्या की भाच्याला बोलवा.

रविवारचीच वाट बघायला हवी असंही नाही. तुमची जेवणाची सुट्टी फोर्टात होते. महात्मा गांधी रोडवर न्यू इंडिया अॅश्युरन्सची १९३०च्या दशकातली इमारत आहे. तिच्या दर्शनी भागावर ना. ग. पानसरे यांनी घडवलेल्या भव्य आकृती आहेत. भर दुपारी माणसांचे फोटो काढू नयेत म्हणतात, डोळ्यांखाली सावल्या पडतात म्हणून. पण भिंतीतून थोड्याच वर आलेल्या शिल्पाला नेमकं तेच ऊन हवं असतं. वरून घसरत येणारा उजेड प्रत्येक कडेखाली सावली टाकतो आणि आकृती भिंतीतून बाहेर येते. ढगाळ दिवशी तीच भिंत मेल्यासारखी दिसते. आणि रोज सीएसएमटीला उतरता, तर फाटकाच्या खांबांवरचे सिंह आणि वाघ एकदा तरी थांबून बघा. इमारत फ्रेडरिक स्टीव्हन्स यांची, आतबाहेरच्या कोरीव कामात जे. जे. स्कूल ऑफ आर्टच्या विद्यार्थ्यांचा हात आहे. भाचा जे.जे.त असेल तर त्याच्याच शाळेतल्या पोरांचं काम आहे म्हणा.

वॉचमनचं. इमारतीच्या आवारात त्याचं चालतं, तिथे त्याचं ऐका. सार्वजनिक रस्त्यावर साधारणपणे तो तुम्हाला अडवू शकत नाही, पण वाद घालून तुम्हाला काय मिळणार? समोरच्या फुटपाथवरून बहुतेक वेळा फोटो जास्त चांगला येतो. खरी काळजी घ्यायची ती काळा घोड्याच्या मागे लायन गेटच्या बाजूला, कारण तिथे नौदलाचा भाग सुरू होतो. जिथे 'फोटो काढण्यास मनाई' असा फलक आहे तिथे कॅमेरा पिशवीत ठेवा. त्याच्यामागे १९२३चा ऑफिशियल सीक्रेट्सचा कायदा असू शकतो आणि तिथे हौस वगैरे कारणं चालत नाहीत. ससून डॉकला पहाटे जायचं असेल तर फाटकावर आधी विचारा. स्टेशनात ट्रायपॉड काढू नका, पोलीस येणारच.

लाज वाटते म्हणालात. बाईच्या हातात मोठा कॅमेरा दिसला की 'पेपरवाल्या का?', 'रील करताय का?' असं विचारणारा कोणीतरी भेटतोच. एक वाक्य तयार ठेवा: 'पुतळ्याचा काढतेय, तुम्ही मध्ये आलात तर चालेल ना?' बहुतेक हसतात आणि केस नीट करतात. नको म्हणाले तर नको. झोपलेल्या माणसाचा काढू नका, एकट्या मुलाचा त्याच्या घरच्यांना विचारल्याशिवाय काढू नका. चौकातला चहावाला, फुलवाली यांचा चांगला आला तर पुढच्या खेपेला छापून नेऊन द्या. त्यानंतर त्या चौकात तुम्हाला हटकायची कोणाची टाप नाही, तो चहावालाच बघून घेईल.

आता कॅलेंडर. उत्तर: असं परस्पर देऊ नका. चर्चगेटचे रंगीबेरंगी गांधीजी २०१८ साली एदुआर्दो कोब्रा या ब्राझिलियन चित्रकाराने काढले. १९५७च्या कॉपीराइट कायद्याच्या ५२व्या कलमात सार्वजनिक जागी कायम असलेल्या शिल्पाचा फोटो काढायला आणि छापायला मोकळीक आहे. इमारतीच्या फोटोलाही आहे. भिंतीवर रंगवलेलं चित्र मात्र त्या मोकळीकीत बसत नाही. म्हणजे कायदाही सपाट आणि भरीव यांत फरक करतो, भाच्यासारखाच. स्वतःच्या आनंदासाठी काढा, अल्बमात ठेवा, काही हरकत नाही. विकायचं, छापायचं, जाहिरातीत वापरायचं म्हटलं की ज्याचा हक्क आहे त्याची लेखी परवानगी हवी. तो चित्रकार असेल किंवा पैसे देऊन काम करवून घेणारी संस्था. खाली 'चित्रकार अमुक' छापलं की झालं, असं नाही. श्रेय देणं चांगलंच, पण ती परवानगी नव्हे. दुकानदारांना सांगा, खडा पारशी देते, काळा घोडा देते, सीएसएमटीचा वाघ देते. बारा महिन्यांना पुरतील. त्या फोटोंचा कॉपीराइट तुमचा असेल, तेव्हा पैसे घ्या आणि किती प्रती, किती वर्षांसाठी, ते चिठ्ठीवर का होईना पण लिहून घ्या. तुम्ही बँकेतल्या, तुम्हाला हे मी काय सांगायचं.

लेन्स घेऊ नका. ७०-२०० घेतलीत की तुम्ही लांबून नुसतं चित्रच चौकटीत भराल, आणि तोच तुमचा आत्ताचा त्रास आहे. शिवाय दीड किलोच्या आसपासचं वजन गळ्यात घालून सकाळच्या गर्दीत चढून बघा. तुमच्याकडे कॅमेऱ्याबरोबर आलेली १८-५५ची साधी झूम लेन्स असेल. ती ३५च्या आकड्यावर ठेवा आणि त्या जागी चिकटपट्टी लावून टाका. झूम फिरवता आलं नाही की पाय चालतात. लेन्सचं छिद्र (अॅपर्चर) एफ ८ ठेवा, चालणारी माणसं थिजवायची तर शटर १/२५० सेकंद, त्यांची नुसती वाहती रेघ हवी तर १/१५ आणि कठड्याला टेकून. बोनसमधले थोडे पैसे हवाबंद डबा आणि सिलिका जेल यांवर घाला. कॅमेरा कपाटात ठेवलाय म्हणालात, ते मला सगळ्यात जास्त खटकलं. आपल्याकडच्या दमट हवेत बंद कपाटात लेन्सच्या काचेवर बुरशी धरते आणि ती साफ करायला दुकानदार चांगलेच पैसे घेतो. आजच बाहेर काढा, काच उजेडासमोर धरून बघा.

पावसातही जा, छत्रीवाला भाचा बरोबर घेऊन. ओला पुतळा आणि त्याच्यासमोर डबकं, असं वर्षातले तीन-चार महिनेच मिळतं. फक्त रजा काढून जाणार असाल तर बुधवार सोडून, त्या दिवशी राणीची बाग बंद असते.